हिरडगडावरचे बोरन्हाण

पौषातल्या त्या पहाटे हिरडगडाच्या तटावरचे गवत दवाने पांढरे पडले होते आणि गोलंदाजांना तोफेच्या गार धातूला हात लावणे नकोसे झाले होते. खाली धुके विरले की नदीच्या दोन्ही काठांनी मोगलांचे डेरे दिसत. आश्विनात पडलेला हा वेढा उठायचे नाव घेत नव्हता. वेढ्यात माणसे शूर होतात असे पोवाडे गाणारे सांगतात. ते पोवाडे पोटभर जेवून गातात, म्हणून तसे सांगतात. खरे म्हणजे माणसे आधी चिडखोर होतात, मग संशयी. ओंजळभर नाचणीवरून वीस वर्षांचे सोबती एकमेकांच्या उरावर बसत, आणि ज्याचे पोर जरा बाळसेदार दिसे त्याच्याकडे सारा गड डोळे वटारून पाही.

गडाचे किल्लेदार रायाजी कोंढरे यांच्या घरीही तीच पातळ आंबील शिजे. पण दिवेलागणीला शेगडीभोवती बसले की हा करडा माणूस आपली पगडी दोन वर्षांच्या चिमीच्या डोक्यावर ठेवी, तीन वेळा लवून मुजरा करी आणि अदबीने म्हणे, "हुकूम व्हावा सरकार." चिमीला एकच हुकूम ठाऊक होता. ती म्हणे, "गूळ." मग मडक्याच्या तळाचा कण शोधायला किल्लेदार स्वतः उठत, आणि त्यांची पत्नी सगुणाबाई हसता हसता डोळे पुसत. तेवढी घटका त्या घरात वेढा नसे.

संक्रांत आली तेव्हा सगुणाबाईंनी हट्टच धरला की लेकीचे बोरन्हाण झालेच पाहिजे. आदल्या वर्षी सुतकात राहून गेले होते. जुन्या चंद्रकळेचे काळे झबले शिवून झाले. जपून ठेवलेल्या मूठभर साखरेचा पाक केला, आणि निखाऱ्यांवरच्या परातीत तीळ बोटांनी हलवत, थेंबथेंब पाक सोडत नवराबायको सकाळभर बसली. थंडीच अशी कडाक्याची की हलव्याला सुरेख काटा आला. रायाजींची बोटे भाजली, पण त्यांनी तक्रार केली नाही. भुकेल्या गडावर ही चैन कशाला, असे लोक कुजबुजले. सगुणाबाईंनी मग गडावरची उरलेली चारही पोरे बोलावली आणि कुजबुज थांबली.

बोरे मात्र नव्हती. नाचणीच्या लाह्या आणि खोबऱ्याचे तुकडे यांवर भागवायचे ठरले होते, तोच चिमीचा मामा आला. धारोजी पायगुडे, सगुणाबाईंचा धाकटा भाऊ, गडाच्या चोरदरवाज्याच्या चौकीचा नाईक. त्याने शेल्याची गाठ सोडली आणि तांबूस, टपोरी बोरे चिमीच्या डोक्यावरून ओतली. पोरे किंचाळत जमिनीवर तुटून पडली. काळ्या झबल्यात, हलव्याच्या माळेत बसलेली चिमी टाळ्या पिटत होती. इतके दिवस त्या घराने असे हसू ऐकले नव्हते.

एक बोर घरंगळत सगुणाबाईंच्या पायाशी आले. त्यांनी ते उचलले. देठ हिरवा होता. गडावर बोरीचे एकही झाड नव्हते.

त्यांनी सोहळा मोडला नाही. लेकीला ओवाळले, पोरांना वाटेला लावले आणि दुपारी एकट्याच चोरदरवाज्याशी गेल्या. बोरे कुठली, असे विचारताच धारोजी म्हणाला की चौकीत जुनी साठवलेली होती.

"वेढा आश्विनात पडला आणि बोरं पौषात पिकतात," सगुणाबाई म्हणाल्या. "कुणब्याच्या पोटी जन्मून एवढंही विसरलास?"

मग त्याला लपवता आले नाही. सकाळच्या धुक्यात दोर सोडून तो दोनदा छावणीत जाऊन आला होता. गड विकायला गेलेला माणूस परतताना नदीकाठी भाचीसाठी बोरे वेचत बसला, आणि तिथेच फसला.

"आक्का, पोरीच्या बरगड्या मोजता येतात," तो म्हणाला. "तिच्यासाठीच केलं. कौल घेतलाय. उद्या पहाटे दरवाजा उघडायचा. तुला, दाजींना आणि चिमीला अभय आहे."

"आणि बाकीच्या एकशे ऐंशी माणसांना?"

सगुणाबाईंना वाटले, आत्ता गप्प बसावे. उद्या सकाळी लेक जिवंत असेल, भाऊही असेल. आईला हे सारे हवे होते आणि बहिणीलाही. तरी त्या सदरेवर गेल्या.

सदर भरली होती. किल्लेदारांसमोर पदर सावरून त्या उभ्या राहिल्या. "किल्लेदारसाहेब, चोरदरवाज्याचे नाईक धारोजी पायगुडे गनिमास मिळाले आहेत. उद्या पहाटे दरवाजा उघडणार आहेत. मी त्यांची बहीण आहे, म्हणून माझी साक्ष कमी धरू नये."

धारोजीला हजर केले. त्याने नाकबूल केले नाही. तटावरून काळे घोंगडे सोडायचे ही खूणही सांगितली आणि एकच मागणे मागितले, की उद्या त्याला दरवाज्यात सर्वांत पुढे उभे करावे.

"विकलेली चौकी परत मिळत नाही, नाईक," रायाजी म्हणाले. मेहुण्याला त्यांनी कडेलोट फर्मावला.

पहाटे घोंगडे सोडले गेले. साठ निवडक गनीम घळीतून वर चढले, आणि दरवाज्याऐवजी वरून दगडांचा लोंढा उघडला. खाली पोचले ते बोटांवर मोजण्याइतके. छावणीचे चढाईचे बळच मोडले, आणि थंडीतापाने उरलेसुरले केले. बाराव्या दिवशी डेरे उठले.

धारोजीला चढाईच्याच दिवशी दुपारी कडेलोटाच्या टोकावर नेले. सगुणाबाई तिथे येतील असे कुणाला वाटले नव्हते, पण त्या आल्या.

"चिमीला काय सांगशील?" त्याने विचारले.

"खरं तेच."

"मोठी झाल्यावर सांग. आत्ता नको."

त्यांनी मान डोलावली.

शिमग्याला सरकारातून रायाजींना वस्त्रे आणि एक गाव इनाम आले, सगुणाबाईंना सोन्याचे गोठ. गोठ त्यांनी हातात घातले नाहीत. त्यांनी माहेरी जासूद धाडला: लेकीला घेऊन चार दिवस येते, आईला भेटावेसे वाटते. जासूद तिसऱ्या दिवशी परतला आणि दाराबाहेरच घुटमळत राहिला. खोदून विचारल्यावर त्याने म्हातारीचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"मला दोन लेकरं होती, म्हणाल्या. दोन्ही या हिवाळ्यात हिरडगडावर गेली, असं गावात सांगितलंय. आता कुणी येऊ नये."

सगुणाबाईंनी जासुदाला बसवून पोटभर जेवू घातले. तो गेल्यावर त्यांनी दार लावून घेतले आणि वेढा पडल्यापासून पहिल्यांदाच त्या मोठ्याने रडल्या.