लवूच्या खेळातली शीव

लवूला त्या खेळातून काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकतो. म्हणजे माणूस लोभी होता, असं नंतर कुणी म्हणायला नको.

त्याला जमिनीवर राहायला मिळणार होतं.

बस्स. एवढंच.

मालवाहू बोटीच्या इंजिनात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. लग्नानंतर तो घरात किती राहिला, ते दिवस वेगळे काढले तर वर्षभराचेही भरले नसते. त्याची बायको सत्यवती माझी धाकटी बहीण. त्यामुळे ही गोष्ट ऐकीव नाही. मी तिथे होतो, आणि जे पाहिलं तेवढंच सांगतो आहे.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे.

गाव आरोंदा, सत्त्याऐंशी सालचा मे महिना. संध्याकाळनंतर व्होल्टेज इतकं पडायचं की लवूचं यंत्र चालायचंच नाही. म्हणून जे झालं ते सगळं लख्ख उजेडात झालं.

मला त्याचीच जास्त भीती वाटते.

यंत्र म्हणजे कॉम्प्युटर. सिंगापूरहून आणलेला, टाइपरायटरच्या नुसत्या बटणांएवढा. टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची. कॅसेट पाच-सहा मिनिटं कर्कश किंचाळायची. मग पडद्यावर खेळ उमटायचा.

खेळ लवूनं स्वतः लिहिला होता. एकट्यानं, रजेत, घामाघूम होऊन. मुंबईचा एक व्यापारी तो बघायला यायचा होता. पसंत पडला, तर घरी बसून असेच खेळ लिहायचं काम तो देणार होता. नाही पडला, तर जूनमध्ये पुन्हा बोट.

"भाई, तू दुसऱ्याचे चुके काढण्यात हुशार," लवू मला म्हणाला. "माझे काढ. चाय फुकट."

आम्ही शाळेत एका बाकावरचे. त्यामुळे भावोजी वगैरे भानगड नव्हती.

मी चार दुपारी खेळलो.

आधी चांगलं सांगतो. त्यानं अख्खं आरोंदा त्यात घातलं होतं. खाडी, होडी, बांध, माडांच्या बागा. कोयता घेतलेला एक ठिपक्याठिपक्यांचा मुलगा घरातून निघतो. कुठे जा, हे त्याला कुणी सांगत नाही. वाटेल तो बांध धरावा. प्रत्येक बांधाच्या टोकाला काहीतरी ठेवलेलं असे. एका विहिरीत पायऱ्या सापडल्या, पायऱ्यांखाली भुयार, आणि भुयाराच्या शेवटी चक्क शेजारच्या राधाबाईंचं न्हाणीघर! नवी जागा सापडली की मुलाच्या अंगात बळ वाढे. जेवायची हाक आली तरी उठवत नसे.

आता वाईट. मारामारी रद्दड. बटण दाबलं की कोयता आळस देऊन उठायचा. सगळे कोल्हे एकाच चालीचे. मेलात की परत घरापासून सुरुवात.

आणि सर्वांत मोठी खोट...

शिवेपलीकडे काहीच नव्हतं.

नुसतं काळं. मुलगा त्यात शिरला की चालत राहायचा. परत यायला वाट नाही. मग सगळं बंद करायचं आणि ती किंचाळी पुन्हा ऐकायची.

"थंयसर आधी देवचार होतो," लवू म्हणाला. "शिवेर. पण काढलंय त्याका."

"कित्याक?"

"मशिनीत जागा पुराक नाय. त्याच्या जाग्यार बाजार घातलंय. लोकांका बाजार आवाडता."

देवचार म्हणजे आमच्याकडे गावाच्या शिवेचा राखणदार. दिसत नाही. घुंगरं बांधलेली काठी टेकत फिरतो, आणि वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो. त्याच्या जागेवरचा दगड हलवायचा असला, तरी आधी गाऱ्हाणं घालतात, नारळ देतात.

सत्यवती चुलीपासून ओरडली, "काढल्यात तेका? गाऱ्हाणा तरी घातल्यात?"

"टीव्हीर नारळ फोडू काय गो?"

"फोडा. टीव्ही फुटलो तर जेवणाक वेळेर येशात!"

आम्ही दोघं हसलो. ती हसली नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम त्या काळ्यात शिरलो. किती लांब जातं ते बघायला.

मुलगा चालला. चालला. आणि मग...

थांबला.

माझा हात बटणावर नव्हता.

तो वळला. हळूहळू, एकेक बांध ओलांडत, मागे न बघता परत आला. घराच्या दारात येऊन उभा राहिला.

"बरं केलंस," मी म्हटलं. "शीव दुरुस्त केलीस."

लवू पडद्याकडे बघत होता.

"मी हात लावूक नाय, भाई."

त्यानं कॅसेट पुन्हा लावली. किंचाळी सुरू झाली. मध्येच ती क्षणभर तुटली, आणि त्या शांततेत...

छुन्न.

ठक.

छुन्न.

ठक.

पुन्हा किंचाळी.

मी हिशेबाचा माणूस. मनात पहिला विचार आला तो हा, की चला, एक खोट कमी झाली. लवूच्याही मनात तेच आलं असावं. त्यानं टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "व्यापारी येवन जावंदे. मगे बघूया."

त्या संध्याकाळी राधाबाई पायरीवर येऊन बसल्या. धापा टाकत होत्या.

"सत्यवती, बाय गो, आज माका माझाच घर गावाक नाय. तीनदा वळसो घातलंय."

"म्हाताऱ्या झालात, काकी," लवू म्हणाला.

"मेल्या, मी म्हातारी, पण तो पोस्टमन? तो तर तरणो आसा ना? भरलेली पिशवी घेवन परत गेलो. म्हणता, वाडीच गावली नाय."

मग त्या थांबल्या. आवाज उतरला.

"आणि काठी आयकाक येयना रे. शिवेर काठी वाजाची. आता... कायच नाय."

सत्यवतीनं लवूकडे बघितलं.

लवूनं टीव्हीकडे बघितलं.

व्यापारी येण्याच्या आदल्या दिवशी, सकाळच्या ओहोटीला, सत्यवती टोपली घेऊन खाडीवर गेली. तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, काढायला. पाहुण्याला तिसऱ्यांचं सुकं करून घालायचं होतं. लहानपणापासून पायाखालची वाट.

दुपार झाली. ती आली नाही.

भात निवला. माडांच्या सावल्या बुंध्यांत शिरल्या. बाहेर कावळा नाही, कुत्रं नाही, वारा नाही.

लवू उठला. त्यानं कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि तिच्यावर कोरं रेकॉर्डिंग लावलं. टेप फिरायला लागली. खेळ पुसला जात होता.

"अरे, उद्या माणूस येतोय!" मी ओरडलो.

"येंवदे."

"दुसरी कॅसेट तरी आहे?"

"नाय. हीच."

तो घरासमोरच्या खळ्यात गेला, हात जोडून शिवेकडे तोंड करून उभा राहिला. बोटीवरचा एवढा दणकट गडी.

"बा देवा, शिवेच्या राखणदारा... मी तुका काढलंय. ईचारूक नाय. चुकी झाली. तुझी जागा तुका परत देतंय. तू माझा माणूस परत दी..."

गाऱ्हाण्याला कुणीतरी रुकार द्यावा लागतो. मी असल्या गोष्टी मानणारा नव्हे. पण त्या दुपारी माझ्याच तोंडून निघालं...

"व्हय म्हाराजा."

टेप फिरून संपली. बटण खटकन वर आलं.

आणि लांब, शिवेच्या बाजूला...

छुन्न.

ठक.

आम्ही धावलो. फार लांब जावं लागलं नाही. कुंपणाच्या बाहेर, घरासमोरच्याच शेतात ती उभी होती. टोपली भरलेली. तळपाय फाटलेले, चिखल आणि रक्त एक झालेलं. सकाळपासून चालत होती.

तोंड घराकडे होतं.

"घर खंय गेला?" तिनं विचारलं.

घर तिच्या समोर होतं. दार उघडं होतं.

लवूनं तिचा हात धरून तिला आत आणली. उंबरा ओलांडल्यावर तिला घर दिसलं. मग ती रडली.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला, चहा प्याला, रिकामा पडदा बघून निघून गेला. राधाबाईंना घर सापडायला लागलं. पोस्टमन सगळी पत्रं एकदम घेऊन आला. शिवेवर काठी पुन्हा वाजते, असं सगळे सांगू लागले. जूनमध्ये लवू बोटीवर चढला. खेळ पुन्हा लिहिण्याचं नाव त्यानं काढलं नाही, आणि मीही नाही.

सत्यवती मात्र तशीच राहिली.

आत असली की ठीक. पण बाहेर पडून चार पावलं गेली आणि मागे वळली, की तिला घर दिसत नाही. विहिरीवर जायचं तरी कुणाचा हात लागतो. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी डोळे तपासले. डोळ्यांत दोष नाही.

कॅसेट पुसली गेली, तिच्यातलं घरही पुसलं गेलं, तेव्हा ती बाहेर होती. मला एवढंच माहीत आहे. त्यापुढे मी विचार करत नाही. करायला लागलो की दमतो.

हिशेब असा लागला. व्यापाऱ्याचं एसटीचं भाडं गेलं. लवूची जमीन गेली. गावाचं काहीच गेलं नाही.

आणि सत्यवतीचं घर गेलं.

ती अजून त्याच घरात राहते.