वाकुईच्या जागेवरचा भात

एका पत्राला मी सव्वीस वर्षं उत्तर दिलं नाही.

त्या पत्रामुळे जे झालं ते खरोखर घडलेलं आहे. विश्वास ठेवा असं म्हणायला मला संकोच वाटतो. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासून दुसऱ्यांच्या चुका काढल्या, पण स्वतःच्या आठवणीवर माझा कधी फारसा भरवसा नव्हता. ही एक आठवण मात्र पुसट होत नाही.

१९ नोव्हेंबर १९९८. गुरुवार. संध्याकाळचे साडेपाच.

कावागुची शहरात, लोखंड ओतणाऱ्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत 'त्सुगुमी' नावाचं खाण्यापिण्याचं दुकान होतं. आठ स्टुलं. मालकीण साए-सान एकटी रांधायची, एकटी वाढायची.

वाकुई आणि मी तिथं अठरा वर्षं शेजारी बसलो. तो कारखान्यात साचे करायचा, छप्पर उडेल असा हसायचा. मी तोंड न उघडणारा. फळीवर आमची दोघांत दारूची एकच बाटली असे, तिच्या गळ्यातल्या पाटीवर दोघांची नावं. आमच्यात कुणी स्वतःचा पेला स्वतः भरत नाही. माझा तो भरायचा, त्याचा मी.

सप्टेंबरात तो यायचा बंद झाला. ऑक्टोबरात पत्र आलं.

"अरे कुरामोची, पोटात गाठ निघाली. निइगाताला मुलीकडे आलोय. दुकानात सगळ्यांना सांगितलं, निरोपाचं जेवणही झालं. तू तापानं घरी होतास ते बरंच झालं. तुझ्या तोंडाकडे बघून माझा पाय निघाला नसता. आपली बाटली संपवू नकोस. थांबशील ना? दोन ओळी लिही."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

तीन आठवडे मी विचारत होतो, वाकुई कुठं आहे? आणि साए-सान कढईतून मान वर न करता म्हणायची, "येतील हो."

अठरा वर्षं. आणि मला सोडून सगळ्यांना.

मी उत्तर लिहिलं नाही.

मला पत्र आल्याचं एव्हाना दुकानात कळलं होतं. त्या गुरुवारी साए-साननं माझ्यापुढे अळकुड्यांची वाटी ठेवली आणि हळूच विचारलं, "वाकुई-सानचं काही कळलं का हो?"

"वारला," मी म्हणालो. "गेल्या आठवड्यात."

का म्हणालो? त्यांनाही लागावं म्हणून. मला लागलं तसं.

साए-सानच्या हातातला डाव थांबला. पलीकडे मुनेकाता बसला होता, सार्वजनिक न्हाणीघराचा मालक. त्यानं टोपी काढली.

"आणि तू आत्ता सांगतोस होय रे, पुस्तकातल्या किड्या?"

तेव्हाच म्हणायला हवं होतं की खोटं आहे. मी एक अळकुडी तोंडात टाकली.

साए-साननं वाडगाभर भात घेतला, वाकुईच्या रिकाम्या स्टुलासमोर ठेवला आणि त्यात जेवायच्या दोन काड्या उभ्या खोचल्या.

हे फक्त मेलेल्यासाठी करतात. जिवंत माणसासाठी कुणी थट्टेतही करत नाही. पोरांनी जेवताना काड्या उभ्या खोचल्या तर आई हातावर चापट मारते.

तिनं आमच्या बाटलीतून त्याचा पेला भरला. शेजारी गरम ओला रुमाल ठेवला. हात जोडले.

सगळ्यांनी जोडले.

मीही जोडले.

टीव्हीवर सुमोच्या कुस्त्या चालू होत्या. एकाएकी… आवाज गेला. पहिलवान भिडत होते, लोक टाळ्या पिटत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं.

कढईतलं तेलही गप्प झालं.

मग… दार वीतभर सरकलं.

"या, बसा!" साए-सान सवयीनं म्हणाली.

बाहेर कुणी नव्हतं. वाराही नव्हता.

मी मान खाली घालून बसलो होतो. डावीकडे, वाकुईच्या बाजूला, गार वाटू लागलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं…

रुमाल वापरलेला होता. मान पुसून मग चार घड्या घालून ठेवावा तसा. तशा घड्या फक्त तो घालायचा.

भातातल्या काड्या… आडव्या ठेवलेल्या होत्या. वाडग्याच्या कडेवर, नीट जोडून. जिवंत माणूस ठेवतो तशा.

भात तसाच होता.

"कुणी हात लावला?" साए-सान पुटपुटली.

मुनेकाता माझ्याकडे वाकून म्हणाला, "का रे, स्वतःच ओतून घेतलीस?"

मी पाहिलं. माझा पेला मघापासून रिकामा होता.

आता तो काठोकाठ भरला होता…

त्याच क्षणी फोन वाजला. साए-साननं उचलला.

"हो… हो बाई, मीच… काय? आत्ता?"

साए-साननं फोन छातीशी धरला. "वाकुई-सानची मुलगी. ते गेले." तिचा आवाज चिरकला. "दहा मिनिटं झाली."

मुनेकातानं सावकाश माझ्याकडे मान वळवली.

"दुपारी छान बोलत होते म्हणे," साए-सान सांगू लागली. "साडेपाचला एकदम उठून बसले. म्हणाले, माझ्या जागेवर भात ठेवलाय. मी मेलो असं कुणी सांगितलं?"

तिनं फोन पुन्हा कानाला लावून ऐकलं.

"मग म्हणाले… 'कुरामोचीनं?' तीनदा म्हणाले. ती विचारतेय, म्हणजे काय?"



साए-साननं माझ्यासमोरची वाटी उचलली आणि मोरीत ठेवली. तीत दोन अळकुड्या शिल्लक होत्या.

मी उठलो. पुन्हा तिथं गेलो नाही.

गाठ वाढलेलीच होती, तो जाणारच होता, असं मी स्वतःला सांगतो. पण मग माझा पेला कुणी भरला? आणि कशासाठी? मी तो प्यायलो नाही. प्यायला हवा होता का, हे मला अजून कळत नाही.

परवा उत्तर लिहिलं. चारच वाक्यं जमली. "तुला वाटलं ते खरं. मीच सांगितलं. पण सगळ्यांना सांगितलंस, मला का नाही? मी थांबलो असतो."

पाकिटावर त्याचंच नाव घातलं आणि निइगाताचा जुना पत्ता. तिथं आता कोण राहतं, ठाऊक नाही.

आज सकाळी, डाक नुकतीच काढून नेलेली असताना, कोपऱ्यावरच्या लाल पेटीत ते टाकलं. पेटी रिकामी होती. पत्र तळाला पडल्याचा आवाज यायला हवा होता.

मी कान देऊन बराच वेळ उभा होतो…

आला नाही.