टिकलं म्हणणारं यंत्र

दिवा नका लावू, असंच ऐका. अमेरिकेतल्या क्विन्सी गावच्या सर्व्हरघरात हार्लन टोरविक माझ्याबरोबर कामाला होता. त्याच्यावर गुदरलेलं सांगतो. २०१९, जानेवारीची चौदा तारीख, सोमवार. पहाटे दोनला तो थर्मासभर कॉफी घेऊन एक चाचणी करायला गेला.

सकाळी एका रुग्णालयाच्या औषधांच्या नोंदी आमच्या यंत्रावर येणार होत्या. त्या मोठ्या यंत्राच्या पोटात एक आभासी, म्हणजे नुसतं सॉफ्टवेअरचं, यंत्र चालायचं. त्याची न पुसली जाणारी मेमरीसुद्धा आभासीच. ते नोंद लिहून विचारायचं, टिकलं का? मोठ्या यंत्रानं ती आधी खऱ्या डिस्कवर उतरवायची आणि मगच 'टिकलं' म्हणायचं. आधीच म्हणालं आणि वीज गेली, तर नोंद गडप. मग नर्स तेच इंजेक्शन रोग्याला पुन्हा देणार. म्हणून हार्लनची सही लागत होती.

चाचणीत 'टिकलं' ही उत्तरं फार झटपट येत होती. हार्लनला संशय आला. त्यानं वरिष्ठ बाईंना, डार्लीनना, फोन लावला. त्या झोपेतच करवादल्या, "तुला सूर्य उगवल्याचीही पावती लागते. सही कर आणि घरी जा."

त्यानं सही केली नाही. डिस्क खेचून काढली, कोटाच्या खिशात टाकली, चेन लावली. आता 'टिकलं' यायलाच नको.

त्यानं लिहिलं, 'एक'.

'टिकलं.'

"खोटारड्या, सापडलास," तो हसून म्हणाला. पुन्हा लिहिलं, 'दोन'.

खिशात काहीतरी थरथरलं. घरघर... मग टक्. मग पडद्यावर...

'टिकलं.'

हार्लन हलला नाही. खिशाला हात लावला नाही. फोन असेल, म्हणून पाहिलं. फोन टेबलावर होता.

त्यानं लिहिलं, 'कुठे?'

काही नाही.

काही नाही...

घरघर. टक्.

'टिकलं.'

सकाळपर्यंत तो बाहेर गाडीत बसून होता. कोट मागच्या सीटवर. डार्लीन आल्या तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं की यंत्र डिस्कशिवाय हो म्हणतं, रुग्णालयाला थांबवा. त्यांनी स्वतः चेन उघडली आणि डिस्क दुसऱ्याच यंत्राला लावून पाहिली. मग रुग्णालयाला फोन करून येऊ नका म्हणाल्या. कारण सांगितलं नाही.

डिस्कवर शेवटी तीन ओळी होत्या.

एक.

दोन.

कुठे?