दस्त्याचे तीन तुकडे

जेवणाच्या टेबलावर रायफलीचा लाकडी दस्ता पडला होता. करवतीने कापलेला, तीन तुकडे. शेजारी नळी होती, तेल लावून लखलखीत पुसलेली.

"भाऊ, अंधार पडायच्या आत मला नाव हवं," घरची मालकीण आपल्या भावाला म्हणाली. "ज्यानं हे केलं तो आज या घरातून जाईल. पोटचा असला तरी."

भाऊ पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. दोन्ही भाच्यांचे मामा. तीन पिढ्यांची ती रायफल महिन्यापूर्वी वारलेल्या मेहुण्यांनी मृत्युपत्रात धाकट्या मुलाला दिली होती.

"दारात बॅग कोणाची?"

"थोरल्याची. मीच भरली. करवत त्याची. बारा वर्षं बापामागं रान तुडवलं आणि हाती आलं शून्य. आणखी काय हवं?"

"पुरावा. बॅग काय, रिकामीही करता येते."

थोरला आत आला. मामांनी नळी त्याच्या हातात दिली.

"करवत तुझीच?"

"माझीच. कोठीत उघडी असते, कोणीही न्यावी."

"राग आला होता?"

"अजून आहे. पण मामा, जिच्यासाठी जीव टाकला तिचे तुकडे करीन मी?"

त्याने नळी खाली ठेवली. घामेजल्या बोटांचे ठसे तिच्यावर स्पष्ट उमटले होते.

मग धाकटा आला. नळी त्याच्याही हातात गेली.

"तू शिकारीला जायचास?"

"एकदाच गेलो. नऊ वर्षांचा होतो. हरिणी तडफडत होती, मला रडू फुटलं. पुन्हा नेलं नाही."

"रायफलीशी संबंध तेवढाच?"

"तेवढाच."

त्याने नळी टेबलावर ठेवली, सदऱ्याचे टोक तिच्यावरून फिरवले आणि तो हात मागे बांधून उभा राहिला.

"ताई, थोरल्याची बॅग रिकामी कर," मामा शांतपणे म्हणाले.

"म्हणजे?"

"रागावलेला माणूस तोडतो आणि निघून जातो. तोडून झाल्यावर तेल लावून पुसत बसतो तो कोण? ज्याच्या हातांना तेच वळण आहे, तो. थोरल्यानं नळी बरबटलेली तशीच ठेवली. पुसायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही. यानं आत्ता, न सांगता पुसली. स्वतःच्याही नकळत."

धाकट्याने सदऱ्याच्या टोकाकडे पाहिले. तेलाचा डाग ताजा होता.

"सतरा वर्षं," तो म्हणाला. "दर शिकारीनंतर. 'रडक्याला मारता येत नाही, निदान पुसू दे.' बाबा पाहुण्यांसमोर म्हणायचे. बोटाचा एक ठसा राहिला की जेवण बंद. मृत्युपत्रातही तेच लिहिलं: 'पुसणाऱ्यास.'"

"मग करवत भावाची का घेतलीस?"

"वाचताना दादा हसला होता."

"मीही हसले होते," आई म्हणाली.

तिने थोरल्याचे कपडे बॅगेतून उपसून खुर्चीवर टाकले. कपाटातून नळी पुसायचे तेलकट फडके काढले, चार घड्या घालून रिकाम्या बॅगेच्या तळाशी ठेवले आणि बॅग धाकट्याच्या पायाशी सरकवली.

"वडिलांची आठवण," ती म्हणाली. "तुझ्या वाट्याची एवढीच."