हजार आकडे, एकही विषम नाही

सकाळी सहाला शशिकला हॉस्टेलच्या मेसमध्ये कामाला आली, तेव्हा तिचा टीबीचा रिपोर्ट तिच्याआधी तिथं पोहोचला होता. मुलींच्या मोबाइलवर. नाव, वय, पत्ता, खाली लाल अक्षरांत निकाल. तिला स्वतःला तो अजून मिळालाच नव्हता. वॉर्डनने तिला दारातूनच परत पाठवलं.

दोन दिवसांत असे बासष्ट रिपोर्ट फुटले. सगळे एकाच पॅथॉलॉजी कंपनीचे, सगळे त्या कंपनीच्या इंदूरमधल्या परदेशीपुरा सेंटरचे.

तिसऱ्या दिवशी बारा वाजता मधुरिमा फणसे त्या कंपनीच्या स्नेहलतागंजातल्या मुख्य ऑफिसात बसली होती. वीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळल्यावर आता ती नेटवर्कच्या भानगडी तपासून द्यायची. पण मालक यशवर्धनला तपास नको होता.

"कोणी केलं ते आम्हाला माहीत आहे, मॅडम. तुम्ही फक्त टेक्निकल नोट लिहून द्या. पाच वाजता एफआयआर टाकायची आहे."

'कोणी' म्हणजे भिंतीशी उभी असलेली मोनाली. वय सव्वीस, महूची, कंपनीतली सगळ्यात नवी इंजिनिअर. खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बस म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"बस," मधुरिमा म्हणाली. मग यशवर्धनला म्हणाली, "आता सांगा."

हकिकत सरळ होती. सेंटरवरून मुख्य सर्व्हरकडे रिपोर्ट एन्क्रिप्शन करून, म्हणजे कुलूपबंद होऊन जायचे. वाटेत कुणी पाहिले तरी वाचता येत नसत. परदेशीपुऱ्याहून तक्रार आली की रिपोर्ट फार हळू जातात. कुलपापायी किती वेळ जातो ते मोजायचं काम मोनालीला मिळालं. एक हजार रिपोर्ट उघडे पाठवायचे, एक हजार कुलूपबंद, आणि प्रत्येकाला लागलेले मिलिसेकंद लिहायचे. तिच्या नावाच्या फाइलने सांगितलं, चाळीस टक्के वेळ जास्त. सोळा एप्रिलला एन्क्रिप्शन बंद झालं. आठवड्याने रिपोर्ट फुटले.

"तू किती मोजलं होतंस?" मधुरिमाने मोनालीला विचारलं.

"तीन टक्के."

"फाइलमध्ये चाळीस आहे."

"ती फाइल माझी नाही, मॅडम. तेराच्या संध्याकाळी मी माझी फाइल सर्व्हरवर ठेवली आणि घरी गेले. पंधराला सकाळी सेंटरवाल्या पीयूष सरांनी देवासला नवीन सेंटर लावायला पाठवलं. परत आले ते हे सगळं झाल्यावर."

"लॉगिन तिचंच आहे," यशवर्धन म्हणाला. "मोठी सच्ची आहे तर लॉगिन कसं?"

मधुरिमाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मोजमाप कसं केलंस, असं तिने मोनालीला विचारलं. मोनालीने न अडखळता सांगितलं. नऊ तारखेला उघड्या रिपोर्टांची पहिली फेरी रद्द करावी लागली, कारण मधेच लाइट गेली आणि सेंटरचा इन्व्हर्टर नीट चालला नाही. ४१८ ते ४३१ हे चौदा रिपोर्ट अडकत अडकत गेले. तिने ऑफिसात इन्व्हर्टरची तक्रार धाडली आणि नवीन फेरी घेतली. मग कुलूपबंद फेरी, दहा तारखेला. तेव्हा लाइट गेली नव्हती.

मधुरिमाने फाइल उघडली. उघड्या फेरीचे आकडे 43.6, 47.1, 39.8, 50.3 असे चालले होते. कुलूपबंद फेरीचे 63.0, 57.4, 72.8, 53.2. ती बराच वेळ खाली खाली जात राहिली.

मग ती भूषणकडे गेली. तो आयटीचा प्रमुख, पंधरा वर्षांचा जुना माणूस.

"ही फाइल चौदा तारखेला सकाळी अकरा चाळीसला बदलली आहे, याच ऑफिसातून. त्या दिवशी इथं कोण होतं?"

"आंबेडकर जयंतीची सुट्टी होती, मॅडमजी. दार कोडने उघडतं. कोड सगळ्यांना माहीत."

"मोनालीचा पासवर्ड?"

सगळे पासवर्ड एका वहीत असतात, वही कपाटात आणि किल्ली रिसेप्शनवर, असं त्याने सांगितलं. सांगताना तो स्वतःच खजील झाला.

"कुलूपबंद जोडणीत वेळ कुठं जातो?"

"सुरुवातीला. दोन्ही मशीनी एकमेकांची ओळख पटवतात ना. पहिला रिपोर्ट लटकतो, मग काही नाही."

"या फाइलमधला पहिला आकडा पाहिलात?"

भूषणने पाहिला. 63.0. बाकीच्यांसारखाच.

"बासष्ट लोकांची नावं बाहेर गेली, भूषणजी. तुम्ही पहिली ओळसुद्धा वाचली नाहीत."

"एन्क्रिप्शन बंद करायच्या ऑर्डरवर मोठ्या सरांची साइन होती," तो पुटपुटला. "साइन असल्यावर कोण वाचतं?"

पीयूष सगळी सेंटरं सांभाळायचा. त्याने तिच्यासाठी कचोरी मागवली. तिने बशी बाजूला केली आणि मोनालीने त्याला कधी आकडे पाठवले होते का, ते विचारलं.

"मला? अरे मॅडम, आपण ठहरे ऑपरेशनवाले. त्या मुलीच्या आकड्यांशी आपला काय वास्ता? एक आकडा पण नाही पाहिला कधी."

दोन वाजता मधुरिमा रिक्षाने परदेशीपुऱ्याला गेली. सेंटर पहिल्या मजल्यावर होतं. झाडलोट करणाऱ्या जनाबाईने राउटर दाखवला. त्यातून एक निळी वायर निघून खिडकीच्या फटीतून खाली जात होती. खाली गेमिंग झोन होता, पंधरा-वीस पोरांनी भरलेला.

"ही वायर कुणाची, मावशी?"

"खालच्या दुकानाची. तिकडे गर्दी झाली की आपलं मशीन रडतं. ऑफिसातल्याच कुणाच्या तरी नात्यातला आहे दुकानवाला. मी कशाला विचारू?"

साडेचारला मधुरिमाने चौघांना यशवर्धनच्या खोलीत बसवलं. तिने आवाज चढवला नाही.

"आधी मोनालीपुरतं. चौदा एप्रिलला सकाळी अकरा चाळीसला ही कुठं होती, हा प्रश्न इथं कुणालाच पडला नाही?"

"महूला," मोनाली म्हणाली. "सकाळी सातपासून पाणी वाटायच्या स्टॉलवर. पप्पा होते, त्यांच्या पलटणीतली जुनी माणसं होती."

"चौदा एप्रिलला महूची ही मुलगी महू सोडून इंदूरच्या बंद ऑफिसात येऊन बसेल, असं ज्याला वाटलं त्याला तो दिवस फक्त सुट्टीचा होता. ऑफिस रिकामं मिळतं एवढंच त्याने पाहिलं." तिने फाइल पडद्यावर लावली. "आता आकडे. कुलूपबंद फेरीत बिंदूनंतरचा अंक बघा. शून्य, चार, आठ, दोन. हजार ओळींत एकदाही विषम अंक नाही. खऱ्या मोजणीत असं होत नाही. पूर्ण आकड्याला एक पॉइंट चारने गुणलं तर होतं. उलट भागून बघा. त्रेसष्टचे पंचेचाळीस, 57.4 चे एक्केचाळीस, 72.8 चे बावन्न."

भूषणने मोबाइलवर भागून पाहिलं. आणखी चार ओळी करून पाहिल्या. मान हलवली.

"म्हणजे ही फेरी झालीच नाही. कुणाकडे तरी पूर्ण आकड्यांची यादी होती, ती त्याने चाळीस टक्क्यांनी फुगवली. त्याच फाइलमधली उघडी फेरी घेतली असती तर दोन्ही शेजारी ठेवल्याबरोबर दिसलं असतं, म्हणून वेगळी यादी घेतली. आता ओळ ४१८ ते ४३१. चौदा रिपोर्ट अडकलेत. दहा तारखेला लाइट गेली नव्हती. गेली होती नऊला, रद्द केलेल्या फेरीत. मोनाली, ते आकडे तू पूर्णांकात कधी लिहिले होतेस?"

"एकदाच. इन्व्हर्टरच्या तक्रारीसोबत जोडले होते. माझ्याकडचे सगळे एका दशांशापर्यंत असतात, पण सर म्हणाले होते, पॉइंट-बिंट मत भेजो, सीधे नंबर दो."

"कोण सर?"

"पीयूष सर."

तिच्या मेलमध्ये ती तक्रार होती. एकाच माणसाला पाठवलेली, नऊ एप्रिल, हजार ओळी जोडलेल्या. पहिली ओळ पंचेचाळीस.

"मला तुम्ही सांगितलंत, एकही आकडा पाहिला नाही," मधुरिमा पीयूषला म्हणाली. "आणि मोनाली परत येऊन फाइल बघेल म्हणून पंधराला सकाळीच तिला देवासला धाडलंत. खालचा गेमिंग झोन कुणाचा?"

पीयूष यशवर्धनकडे बघत राहिला.

"याच्या साल्याचा, बायकोच्या भावाचा," भूषण म्हणाला. "अख्ख्या मोहल्ल्याला माहीत आहे."

"सेंटरची लाइन साल्याला वाटून दिली म्हणून रिपोर्ट हळू जात होते. तक्रार झाल्यावर दोष कुणावर तरी ढकलायला हवा होता. तो कुलपावर ढकलला. मग कुलूप निघालं, आणि रिपोर्ट त्याच वायरवर उघडे पडले, जिच्यावर खाली वीस पोरं बसली होती. त्यातल्या एकाने वाचले."

"मॅडम, मला काय माहीत कोणी वाचेल म्हणून," पीयूष म्हणाला. "एवढी मोठी गोष्ट नव्हती. लोक बरे पण होतात टीबीतून."

मोनाली उठून उभी राहिली.

"शशिकलाताई अठरा वर्षं त्या मेसमध्ये स्वयंपाक करत होत्या. त्यांना घरमालकाने पण खोली खाली करायला सांगितलं आहे. काल त्या इथं आल्या होत्या. मला विचारत होत्या, बेटा, तू असं का केलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, सर. तुमच्याकडे होतं, आणि तुम्ही शेजारच्या केबिनमध्ये बसले होते."

पीयूषने मान खाली घातली.

यशवर्धनने घसा साफ केला. झालं ते वाईट झालं, पीयूषला आजच काढतो, पण पोलिसांपर्यंत न्यायची आता गरज नाही, घरातली गोष्ट घरातच मिटवू, असं काहीबाही तो म्हणाला. मोनालीला त्याने दोन दिवस सुट्टी देऊ केली.

"नोट लिहून झाली आहे," मधुरिमा म्हणाली. "तुम्हाला पाठवली, तशी सायबर सेललाही पाठवली. भूषणजी, एन्क्रिप्शन?"

"साडेतीनलाच चालू केलं. वायर पण काढायला लावली." तो मोनालीकडे न बघता म्हणाला, "तीनच टक्के येतंय."

"सर, पोलिसांकडे द्यायच्या तक्रारीचा कागद," मोनाली म्हणाली.

"उद्या बदलून घेऊ ना, बेटा," यशवर्धन म्हणाला.

"पाच वाजता माझ्या नावाने जाणार होता. पाचलाच जाऊ दे."

भूषणने नाव बदलून नवा कागद छापला. मोनालीने तो उभ्यानेच वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि यशवर्धनसमोर परत ठेवला.

"यात एक राहिलं आहे. सोळा तारखेला एन्क्रिप्शन बंद करायच्या ऑर्डरवर साइन कुणाची होती, ते."

यशवर्धनने मधुरिमाकडे पाहिलं. तिने टेबलावरचं पेन उचललं आणि त्याच्यापुढे ठेवलं.