चाळीस खुंट्यांचा फळा

चुकलेल्या दारातून आत पडलेले पाऊल कधी कधी योग्य ठिकाणीच पोहोचते. भाषेच्या शिक्षिकेचे तसे झाले.

शाळा उघडल्याचा तिसराच दिवस होता. ती नव्याने रुजू झालेली. मुख्याध्यापिकांची कचेरी प्रार्थनामंदिराच्या मागे आहे, एवढेच तिला कळले होते. मागे म्हणजे डावीकडे की उजवीकडे, हे सांगायचे सांगणाऱ्याच्या लक्षात राहिले नाही. तिने डावीकडचे दार ढकलले आणि ताज्या कापलेल्या लाकडाचा गंध तिला सामोरा आला. उंच खिडक्यांतून उतरलेल्या उन्हात भुशाचे कण संथपणे तरंगत होते. मधल्या लांब टेबलावर, दाराकडे पाठ करून, एक मनुष्य फळीला करवत लावण्याच्या बेतात होता.

“आलास? ते टोक धर,” वळून न पाहताच तो म्हणाला. “घट्ट नको, सैल नको. श्वास घेतलास तरी चालेल.”

त्या सांगण्यात इतका सहजपणा होता, की तिच्या हातांनी तिला न विचारताच टोक धरले. करवत लयीत चालू लागली. फळी अर्ध्यावर कापून झाली तेव्हा त्याने मान वर केली — आणि करवतीची लय मोडली.

“तुम्ही... तुम्ही कोण?”

“टोक धरणारी,” ती म्हणाली. “श्वास घेण्याची परवानगी अजून आहे ना?”

तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला, आणि कानावर खोचलेली पेन्सिल टपकन खाली पडली. शाळेचे सुतारकामाचे शिक्षक ते हेच. विद्यार्थी त्यांना रंधेमास्तर म्हणत, आणि त्या हाकेला ते इतक्या वर्षांत इतके सरावले होते, की खरे नाव फक्त हजेरीपटात उरले होते.

निघताना तिची दृष्टी समोरच्या भिंतीवर गेली. तिथे लाकडाचे शेकडो बिघडलेले तुकडे टांगलेले होते. कुठे भेग, कुठे तिरकी कापणी; आणि प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख आणि एखादे वाक्य. ‘मापायच्या आधी कापलं.’ ‘घाई केली.’ ‘सांगितलेलं ऐकलं नाही आणि दोष करवतीला दिला.’ मास्तरांनी संकोचत रीत समजावून सांगितली. इथे बिघडलेले लाकूड फेकायचे नाही. ज्याची चूक त्याने ती स्वतःच्या हाताने लिहायची आणि टांगायची. वाचणाऱ्याने मनात वाचायचे, मोठ्याने नाही. एवढाच नियम.

“आणि तुमच्या चुका?”

“त्या वरच्या ओळीत आहेत. शिडीशिवाय वाचता येत नाहीत,” मास्तर म्हणाले. “तेवढा शहाणपणा माझ्यात आहे.”

*

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. देह किरकोळ, वाणी मृदू. पण ती मृदू वाणी ऐकून आजवर कुणाला नाही म्हणता आलेले नव्हते. नव्या वर्षापासून शाळेचा अभ्यासक्रम मुळातून नव्याने बांधावा, असा त्यांचा संकल्प होता. तो विस्तीर्ण असावा, म्हणजे गणिताइतकाच मान संगीताला, विज्ञानाइतकाच मान हातांच्या कामाला मिळावा. आणि प्रत्येक विषयापुढे एक रकाना असावा, की या विषयाने मुलाच्या शीलात कोणती भर पडते. प्रार्थना सकाळी होते, पण प्रार्थनेची परीक्षा दिवसभर होते, असे त्या म्हणत. मसुद्याचे काम त्यांनी दोघांवर सोपवले. शब्द भाषेच्या बाईंचे, आणि आखणी रंधेमास्तरांची.

मास्तरांनी आठवड्याभरात एक फळा घडवला. आठवड्याचे पाच दिवस, दिवसाचे आठ तास, म्हणून चाळीस खुंट्या. आणि प्रत्येक विषयाच्या प्रत्येक तासासाठी गुळगुळीत घासलेली, भोक पाडलेली एक लाकडी चकती. शाळा सुटल्यावर दोघे त्या फळ्यासमोर बसत. बाहेर कधी पावसाची बारीक रिपरिप असे, कधी गायनवर्गाचा सराव. ती लिही, ते चकत्या हलवत.

“सुतारकामापुढे मी ‘संयम’ लिहिलंय,” एकदा ती म्हणाली.

“खोडा.”

“का? सुंदर शब्द आहे.”

“माझ्याकडे संयम असता, तर पहिल्या दिवशी कोण आलंय ते बघून मग टोक धरायला सांगितलं असतं.” मास्तरांनी एक चकती बोटांत फिरवली. “‘चूक कबूल करणं’ असं लिहा. कागदावरचं खोडता येतं, बाई. कापलेलं लाकूड पुन्हा जोडून ‘मी कापलंच नव्हतं’ असं नाही म्हणता येत.”

तिने खोडले, आणि त्यांचे वाक्य लिहिले. मग भाषेपुढे काय लिहावे, असा प्रश्न आला. तिने ‘सत्य’ सुचवले. मास्तर हसले.

“भाषेपुढे? खोटं बोलायची सगळ्यात जास्त सोय भाषेतच आहे.”

“म्हणूनच,” ती म्हणाली.

मास्तर क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. मग पुष्कळ वेळ त्यांनी फळ्याकडेच पाहिले. त्या पाहण्यात आणि न पाहण्यात तिला सारखेच काहीतरी जाणवले... पण त्याला नाव देण्याचे धाडस तिने केले नाही. शब्दांचा व्यवसाय करणाऱ्यांनाही काही शब्द जपून वापरावे लागतात.

नाव देणारी मंडळी मात्र भोवती होतीच. तिचा सांभाळ केलेली मावशी एकदा जेवताना शांतपणे म्हणाली, की पोरी, हल्ली तुझ्या बोलण्यात लाकूड फार येतं. शाळेत भाषा शिकवतेस की वखार चालवतेस? मावशीचे बोलणे गोड होते. शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या सरांनी टाकलेला खडा तसा नव्हता. निवृत्तीला आलेले सर चष्मा पुसत, कुणालाच उद्देशून नाही अशा थाटात म्हणाले होते, “अभ्यासक्रम रुंद होतोय म्हणतात. समितीचा बाक मात्र दिवसेंदिवस अरुंद होत चाललाय.” खोलीत हशा पिकला. तीही हसली, पण तो खडा तिच्या मनाच्या तळाशी जाऊन बसला.

*

दोन महिन्यांनी मसुदा पुरा होत आला, आणि एक पेच समोर उभा राहिला. खुंट्या चाळीस आणि चकत्या बेचाळीस. वृद्धसेवेसाठी दोन नवे तास ठरले होते. ते सिस्टरांना हवे होते, आणि हवेच होते. दुसरे कोणते तरी दोन तास खाली उतरवणे प्राप्त होते. विश्वस्तांपैकी काहींचे बोट आधीच सुतारकामाकडे वळले होते, कारण त्याचेही आठवड्याला नेमके दोनच तास होते. ते गेले, तर कार्यशाळेला कुलूप लागणार. मास्तरांना दुसऱ्या गावच्या एका शाळेचे बोलावणे आलेले होते; ते पत्र उत्तर न देता त्यांनी महिनाभर टेबलाच्या खणात तसेच ठेवले होते. हे तिला ठाऊक होते, आणि तिला ठाऊक आहे हे त्यांनाही.

“शेवटचं तुम्हीच ठरवा,” ते म्हणाले. “मी माझ्याच विषयाबद्दल बोलणं बरं दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती फळ्यासमोर एकटी बसली. सुतारकामाच्या चकत्या तिने दोनदा उचलल्या आणि दोनदा जागी ठेवल्या. त्या राहाव्यात असे तिला फार वाटत होते, आणि फार वाटत होते हीच तर अडचण होती. हे विषयासाठी वाटते की माणसासाठी? लोक काय म्हणतील? जे म्हणतील ते खरे असेल तर? अखेर, मनाचा तोल ज्या बाजूला जातो त्याच्या उलट बाजूला पाऊल टाकणे म्हणजेच न्याय, असा तिने निर्णय केला. सज्जन माणसेच करू शकतील अशी ती चूक होती. तिने दोन्ही चकत्या काढल्या आणि सुवाच्य अक्षरात कारण लिहिले: ‘बदलत्या काळात या कौशल्याची निकड उरलेली नाही.’

मास्तरांनी मसुदा वाचला. पुन्हा एकदा वाचला.

“अक्षर छान आलंय,” एवढेच ते म्हणाले, आणि रंधा उचलून कामाला लागले. त्यांनी वाद घातला असता, तर तिला झोप आली असती.

*

विश्वस्तांची सभा दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर होती. उतरवलेल्या दोन चकत्या परत करायला म्हणून ती सकाळीच कार्यशाळेत गेली. मास्तर नव्हते, प्रार्थनामंदिरातले एक डुगडुगता बाक ठीक करायला गेले होते. भिंतीच्या वरच्या ओळीत एक नवा तुकडा दिसत होता आणि शिडी तिथेच टेकलेली होती. ती दोन पायऱ्या चढली. तुकड्यावर कालची तारीख होती, आणि मास्तरांचे अक्षर.

‘बोलायला हवं होतं. बोललो नाही.’

सभेची घंटा झाली. ती उतरली, पण चकत्या परत ठेवायचे विसरली. त्या मुठीत तशाच राहिल्या.

सभागृहात लांब मेजाभोवती पाच विश्वस्त, सिस्टर, ज्येष्ठ शिक्षक म्हणून गणिताचे सर, आणि अगदी टोकाला मास्तर बसले होते. तिने मसुदा वाचायला घेतला. एकेक विषय, एकेक गुण. भाषेपाशी ती आली. पुढच्या रकान्यात तिच्याच अक्षरात ‘सत्य’ लिहिलेले होते. तिचा आवाज थांबला.

“पुढे काही चुकलंय का, बाई?” सिस्टरांनी विचारले.

“चुकलंय, सिस्टर. सुतारकाम वगळण्याचं कारण मी खोटं लिहिलंय.”

कुणाची तरी खुर्ची करकरली. एका विश्वस्ताने, जरा अधीर होऊन, मग खरे कारण काय ते विचारले.

तिने मूठ उघडून दोन्ही चकत्या मेजावर ठेवल्या. “खरं कारण असं, की मी तो विषय ठेवला असता तर लोक म्हणाले असते, बाईंनी तो मास्तरांसाठी ठेवला. आणि त्यात... त्यात थोडं तथ्य आहे. त्या तथ्याची मला भीती वाटली, आणि त्या भीतीलाच मी निःपक्षपात म्हटलं. पण विषयाचा यात काय दोष? या शाळेत चूक कबूल करायला जिथे खरोखर शिकवतात, अशी ती एकच खोली आहे. मी स्वतः तिथेच शिकले. आत्ताच, अर्ध्या तासापूर्वी.”

मेजाच्या टोकाला पेन्सिल पडल्याचा बारीक आवाज झाला. तिने तिकडे पाहिले नाही. तेवढे धैर्य आता शिल्लक नव्हते.

सिस्टरांनी चकत्या जवळ ओढल्या. “ज्याच्या नावानं आपण रोज सकाळी हात जोडतो, तो एका सुताराच्या घरी वाढला, हे या मेजावर कुणाला आठवत नसेल,” त्या मृदू स्वरात म्हणाल्या, “तर सुतारकामाऐवजी धर्मशिक्षणाचे दोन तास वाढवावे लागतील. मोठ्यांसाठी.”

विश्वस्तांनी आपापल्या कागदांत डोके घातले. पण खुंट्या चाळीसच होत्या, आणि सिस्टरांच्या मृदू स्वराने एक्केचाळिसावी उगवणार नव्हती. भाषेच्या सहा तासांतला एक मी देते, असे ती म्हणाली. तो देताना तिला खरोखर जड गेले. दुसरा तास कुणाचा? गणिताच्या सरांनी चष्मा काढला, सावकाश पुसला आणि पुन्हा लावला.

“माझा घ्या. मोजमाप तिथेही शिकवतातच, आणि माझ्यापेक्षा बरं शिकवतात म्हणे.” मग तिच्याकडे न पाहता ते पुटपुटले, “बाकाविषयी बोललो होतो, ते मागे घेतो. भिंतीवर लिहायला मात्र सांगू नका.”

एका वर्षाच्या बोलीवर मसुदा मंजूर झाला.

*

दुपारी ती कार्यशाळेत गेली तेव्हा मास्तर खिडकीपाशी उभे होते. तिने ढिगातून तिरका कापलेला एक तुकडा निवडला, तारीख घातली आणि सकाळचीच कबुली दोन ओळींत लिहिली. मास्तरांनी निमूटपणे शिडी धरली. वरच्या ओळीत, कालच्या तुकड्याशेजारी जागा होती. तिथे टांगताना आणखी एक तुकडा तिच्या हाताला लागला, जुन्यांच्या आड दडवलेला. अर्ध्यापर्यंत कापणी सुतासारखी सरळ, आणि तिथून एकाएकी ढळलेली. त्यावर शाळा उघडल्याच्या तिसऱ्या दिवसाची तारीख होती.

‘लक्ष रेषेवरून उठलं. अजून परत आलेलं नाही.’

ती शिडीवर तशीच उभी राहिली.

“वाचलंत?” खालून प्रश्न आला.

“मनात,” ती म्हणाली. “मोठ्यानं वाचायचं नाही असा नियम आहे.”

“लिहिणाऱ्यानं मोठ्यानं म्हटलं, तर?”

“त्याबद्दल नियम काही सांगत नाही...”

मास्तरांनी घसा साफ केला. “मग ऐका. काल मी गप्प बसलो, कारण बोललो असतो तर ते विषयासाठी झालं नसतं. तुमच्या जवळ राहायला मिळावं म्हणून झालं असतं. त्या शाळेच्या पत्राला सभेनंतर लगेच नकार लिहून टाकला. आता एवढंच विचारायचं आहे, की... वर्षभराची बोली विश्वस्तांची आहे. तुमची किती?”

ती एकेक पायरी उतरत खाली आली. त्यांच्या बाहीवर भुसा होता. तो तिने दोन बोटांनी हलकेच झटकला.

“मावशीला विचारावं लागेल,” ती म्हणाली. “नाही, विचारायचं नाही. सांगायचं.”

“काय सांगणार?”

“की बोलण्यात आता जन्मभर लाकूड येणार. तिनं सवय करून घ्यावी.”

मास्तर हसले, आणि हसू लपवण्याचे दुसरे साधन जवळ नसल्यामुळे त्यांनी टेबलावर एक नवी फळी ठेवून करवत उचलली. तिने न सांगता दुसरे टोक धरले. घट्ट नाही, सैल नाही.

कापणी त्याही दिवशी रेषेवरून ढळली. ती फळी मात्र भिंतीवर गेली नाही.