सत्त्याऐंशी नंबरचं गाणं

बेसिल अंकलनी कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, माजिवड्याहून शीळफाट्यामार्गे थेट डोंबिवलीपर्यंत रिक्षाने आणला होता. बिघडलेल्या कॉम्प्युटरमधल्या फाइली परत मिळवून देणाऱ्या क्षिप्रा कारखानीसच्या टेबलावर त्यांनी तो अलगद ठेवला.

“यात माझी बायको आहे,” ते म्हणाले.

क्षिप्राचा सोबती रघु दोन पावलं मागे सरला. रघुला गोष्टी कळतात, फक्त जरा उशिरा.

“आवाज रे तिचा,” अंकल म्हणाले. “आमच्या गावच्या म्हाताऱ्यांची लग्ना-बारशाची गाणी. वीस वर्षं घरोघर फिरून रेकॉर्ड केलेली. दोनशे चौदा. गाणारी एकही आता उरली नाही. माझी पामेला तीन वर्षांमागे गेली. येत्या रविवारी माझा दोस्त लॉईडचा सत्कार आहे. उंबराच्या पाण्याचं, लग्नाच्या आंघोळीसाठी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतानाचं, त्याचं गाणं आता प्रत्येक लग्नात म्हणतात ना, त्यासाठी. तिथे मी पामेलाने गायलेलं तेच गाणं वाजवणार होतो. पाम संडेला, ईस्टरच्या आदल्या रविवारी, सांगितलेलं पण त्याला. गाणं संपल्यावर ती हसत हसत बोलते, ते तर...” त्यांनी डब्यावरची चादर सोडवली.

क्षिप्राने मशीन चालू केलं. प्रत्येक फाइलच्या नावामागे एक विचित्र शेपूट लागलं होतं आणि पडद्यावर धमकी होती: फाइलींना कुलूप लावलंय, किल्ली हवी तर पैसे भरा. कुलूप लागल्याची वेळ, गुड फ्रायडे, दुपारी तीन पस्तीस.

“तेव्हा कुठे होतात?”

“चर्चमध्ये. गुरुवारी संध्याकाळपासून आमच्याकडे टीव्ही, रेडिओ, हे मशीन, सगळं बंद. इंटरनेटची वायरसुद्धा काढून कपाटात टाकतो मी. ईस्टरला लावली, बघतो तर हे.”

“दुसरी प्रत?”

“आहे ना! डिस्क कायम मागे लावलेलीच.”

क्षिप्राने कपाळावर हात मारला. “तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीलाच लटकवलीत, अंकल. तीही गेली.”

गाण्यांच्या यादीची वही अंकलनी आणली होती. क्षिप्राने कुलूपबंद गाणी एकेक करून वहीशी ताडून पाहिली. ती दोनशे तेरा भरली. सत्त्याऐंशी नंबरचं गाणं कुठेच नव्हतं. वहीत त्यापुढे लिहिलं होतं, ‘कॉन्स्टन्स, पाळणा.’

“घराची किल्ली?”

“कुंडीखाली. माझी मुलगी ॲनेट, लॉईड आणि कॉम्प्युटरवाला ऋतुराज, तिघांना ठाऊक.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माजिवड्याच्या घरात तिघेही हजर होते. ॲनेट नर्स होती, आणि फटकळही.

“डॅडी दिवसभर मम्मीचा आवाज लावून बसतात. माझ्याकडे राहायला या म्हटलं तर येत नाहीत. राग येतो मला, खोटं कशाला बोलू? पण शुक्रवारी माझी ड्यूटी होती.”

ऋतुराजचं दुकान दिवा स्टेशनजवळ होतं. “मी बोललेलो, फॉरमॅट मारूया. गेल्या वर्षी लॉईड अंकलकडे सेम आलेलं, हेच शेपूट. फुकटचं म्युझिक सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून टाकलेलं त्यांनी. सगळं उडवलं, मशीन एकदम मक्खन!”

“आणि शुक्रवारी?”

“दुकानात. पाण्याचा टँकर आलेला, अख्खी चाळ रांगेत होती. विचारा कोणालाही.”

लॉईड अंकल बेसिलच्या खांद्यावर हात ठेवून बसले होते. “भोळा आहे गं हा. चर्चमधून येऊन कुठली तरी मेल उघडली असणार. मी असतो तर थांबवलं असतं. पण घसा बसलेला, यंदा गुड फ्रायडेलाही घरीच राहिलो. माझी आई कॉन्स्टन्स असती तर तिने काढा पाजून पाठवलं असतं.”

रघु क्षिप्राच्या कानाशी लागला. “ऋतुराजच. यातलं त्यालाच कळतं.”

“कळणाऱ्याने असलं जुनं हत्यार वापरलं नसतं,” ती मोठ्याने म्हणाली. “मेलचा प्रश्नच नाही. इंटरनेटची वायर कपाटात होती आणि मशीन बंद होतं. कोणीतरी आत आलं, मशीन चालू केलं आणि पेन ड्राइव्ह लावला. तेच शेपूट, म्हणजे गेल्या वर्षीचंच सॉफ्टवेअर. ते ऋतुराजने पाहिलेलं, आणि लॉईड अंकलनी.”

“मग दोघांतला कोण?” रघुने विचारलं.

“चोराने एक गाणं आधी बाजूला काढलं. ॲनेट असती तर तिने आईचं वाचवलं असतं. ऋतुराजला सगळी सारखीच. वाचला तो कॉन्स्टन्सचा पाळणा. स्वतःच्या आईचा आवाज कुलपात घालायला हात धजला नाही, हो ना, लॉईड अंकल?”

खांद्यावरचा हात हळूच खाली आला.

“पण का?” बेसिलना खरंच कळत नव्हतं.

“पामेला आंटी शेवटी काय बोलतात?” क्षिप्राने विचारलं.

बेसिलनी गाण्यांची वही मिटली. “बोलते, हे गाणं मला माझ्या आजीने शिकवलं.”

ॲनेट ताडकन उठली. “अंकल! तीस वर्षं सांगता, मी रचलं म्हणून!”

“सगळ्यांसमोर वाजलं असतं, बेसिल,” लॉईड पुटपुटले. “मी कुठे तोंड दाखवलं असतं?”

“गाणी परत मिळतील,” क्षिप्रा म्हणाली. “नुसता व्हायरस काढून कुलूप उघडत नाही आणि फॉरमॅट मारला असता तर सगळंच गेलं असतं. पण इंटरनेट नसलं की हे सॉफ्टवेअर सोबत आणलेली एक ठरावीक किल्ली वापरतं. ती जाणकारांनी कधीच शोधून काढलीय, फुकट मिळते. आधी व्हायरस साफ करते, मग कुलपं उघडते. संध्याकाळपर्यंत आंटींचा आवाज ऐकाल.”

बेसिलनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष मित्राकडे होतं. पन्नास वर्षांची दोस्ती होती. पामेलाच्या शवपेटीला पहिला खांदा याच माणसाने दिला होता.

“ती काय बोलते ते मला ठाऊक नव्हतं काय रे, लॉईड?” ते म्हणाले. “रविवारी वाजवायची फाइल मी महिन्यापूर्वीच वेगळी करून ठेवलेली. त्यात ते बोलणं नाही. तुझ्यासाठी माझ्या बायकोचा आवाज मी माझ्या हाताने कापलेला.”